कमरेइतकं पाणी

६ जानेवारी

हे बोलले. दवाखान्यातून घरी आणल्यापासून घशातून नुसता घोगरा आवाज यायचा, त्याला ना आकार ना अर्थ. आज सकाळी मी ह्यांच्या पाठीमागची उशी सारखी करत होते. डोळे भरून आले होते म्हणून तोंड दुसरीकडे फिरवलं होतं. तेवढ्यात मागून अगदी स्वच्छ, पूर्वीच्या आवाजात: "मी आहे ना."

उशी हातातून पडली. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"मी आहे ना."

उजवा हात गेला, उजवा पाय गेला, वाचा गेली असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि एवढं एक वाक्य मागे राहिलं! ते ह्यांच्या कामाचंच वाक्य आहे. सगळी नोकरी ह्यांनी पोहण्याच्या तलावावर नवशिक्यांना शिकवण्यात काढली. नवशिके म्हणजे पोरंटोरं नव्हेत, चाळिशी-पन्नाशीची माणसं, पाणी बघून पाय लटपटणारी. त्यांना हातावर आडवं घ्यायचं आणि म्हणायचं, मी आहे ना. घरी मला असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. तशी वेळही आली नाही. पाण्याशी माझा संबंध बादलीपुरता.

लेकीला फोन केला, नणंदेला केला, मावसबहिणीला केला. मग देवापुढे बसले ती उठलेच नाही. दूध उतू गेलं, त्याचंसुद्धा वाईट वाटलं नाही. देवा, काय ठेवायचं ते तू बरोबर निवडून ठेवलंस.

८ जानेवारी

ह्यांनी आज थर्मासला "मी आहे ना" म्हटलं.

नंतर पेपर टाकणाऱ्याला म्हटलं. मग पंख्याला. "चहा देऊ?" "मी आहे ना." "नको का?" "मी आहे ना." दुपारी बाथरूमला जायचं होतं तेव्हाही तेच म्हणत राहिले. मी आपली गहिवरून हात धरून बसले, आणि शेवटी चादर बदलावी लागली.

म्हणजे परवा जे म्हणाले ते मला नव्हतंच. माझ्या जागी कपाट असतं तरी म्हणाले असते.

सगळीकडे फोन करून सांगून बसले आहे. आता "नाही हो, तसं काही नाही" हे सांगायला पुन्हा फोन करायचे? आनंदाचाही खर्च आणि निराशेचाही खर्च. करत नाही.

१२ जानेवारी

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आहे. कोण काय बोलून गेलं ते लिहून ठेवते, माझ्यावर दुसऱ्याकडे जायची वेळ आली की उपयोगी पडेल.

"सगळं छान होईल" असं सगळेच म्हणतात, आणि म्हणताना चपला पायात सरकवत असतात. "धीर धरा वहिनी" म्हणत नणंद गळ्यात पडली आणि एवढी रडली की मलाच तिची पाठ थोपटावी लागली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "आमच्या मेहुण्यांना अगदी असंच झालं होतं." मी आशेनं विचारलं, "मग आता कसे आहेत?" तर त्या कॅलेंडर वाचायला लागल्या. जावई म्हणाले, "आई, काळजी करू नका." करू नका काय? ती काय तोटी आहे, पिळली की बंद?

तलावावरचा जीवरक्षकही आला होता. सगळे त्याला शिट्टी म्हणतात. पोट सुटलेला, मिशाळ, ह्यांच्याच वयाचा. ह्यांच्या पायाशी बसून राहिला, बोलला काहीच नाही. निघताना म्हणाला, "वहिनी, गॅसचा सिलिंडर बदलून देऊ?" आणि बदलून गेला. त्याचं नाव कुठल्या सदरात घालावं ते कळेना, म्हणून शेवटी लिहिलं.

१७ जानेवारी

बोलणं पुन्हा शिकवणाऱ्या बाई आजपासून यायला लागल्या. त्यांच्या पदाचं नाव लांबलचक आहे, मी वाचाबाई म्हणते. लेकीपेक्षा लहान, पण समजावून सांगतात छान.

मी म्हटलं, "एक वाक्य येतं हो. अगदी स्पष्ट येतं."

त्या म्हणाल्या, "काकू, ती अडकलेली सुई आहे. ते वाक्य काका निवडत नाहीत, आपोआप बाहेर पडतं. तुम्ही त्याला हो-हो करत राहिलात तर मेंदू दुसरा शब्द शोधायचे कष्ट कशाला घेईल?"

"मग करायचं काय?"

"उत्तर द्यायचं नाही. पेला दाखवायचा, पेला म्हणा म्हणायचं, आणि थांबायचं."

औषधाची वेळ मी कधी चुकवली नाही, हेही चुकवणार नाही. लेकीला, नणंदेला, शेजारच्या बाईंना ताकीद दिली: ह्यांनी "मी आहे ना" म्हटलं की ऐकू आलंच नाही असं समजायचं.

२८ जानेवारी

सुरुवातीला ह्यांनी मोठ्यानं म्हणून पाहिलं. मग हळू. मग माझी बाही ओढून. मी पेला पुढे केला. "पेला म्हणा."

परवा दिवसभरात एकदाच म्हणाले, तेही खिडकीकडे तोंड करून. काल नाही. आज नाही.

उपाय लागू पडला म्हणायचा. पेला मात्र आला नाही. घर फार शांत झालं आहे. मी उगाच भांड्यांचा आवाज करते.

४ फेब्रुवारी

तलावाचे मॅनेजर आले होते. सज्जन माणूस, खुर्चीच्या टोकावर बसला. म्हणाले, "मास्तरांची जागा मेअखेरपर्यंत मी कुणाला देत नाही. जूनमध्ये नवशिक्यांची नवी बॅच. तोवर पाण्यात उभं राहता आलं आणि आवाज फुटला तर बॅच त्यांचीच. पण वहिनी, कुणी गटांगळी खाल्ली तर तिथल्या तिथं ओरडून काय करायचं ते सांगता आलं पाहिजे. तिथं 'मी आहे ना' म्हणून कसं भागेल?"

खरं आहे त्यांचं. माणसांच्या जिवाचा प्रश्न.

ह्यांना सगळं कळतं. बोलता येत नाही म्हणून लोक समोरच बोलतात, पण कळतं सगळं. मॅनेजर गेल्यावर ताट डाव्या हातानं दूर सारलं. ताटातलं मी झाकून ठेवलं. मग मलाही जाईना, तेही झाकून ठेवलं.

पगारावाचून आम्ही उपाशी राहू असं नाही. पण तलाव काढून घेतला तर ह्यांच्यात उरतं काय?

१० फेब्रुवारी

व्यायाम घेणाऱ्या सरांनी ह्यांना पाण्यात चालवायचं ठरवलं आहे. पाण्यात अंगाचं वजन कमी होतं, अडलेला पाय उचलतो म्हणे. डॉक्टरांनी हो म्हटलं. दुपारी तलाव रिकामा असतो, तेव्हा शिट्टी मदतीला.

गेलो. तलाव बंदिस्त आहे, वर उंच छत, पाण्याला औषधाचा वास. पायऱ्यांपर्यंत हे बरे आले. शिट्टी कमरेइतक्या पाण्यात उभा राहून म्हणाला, "या मास्तर, तुमच्याच घरात या." तर हे पहिल्या पायरीवर बसले ते बसलेच. सरांनी समजावलं, शिट्टीनं समजावलं. मान हलवायची आणि माझ्याकडे बोट दाखवायचं.

मी म्हटलं, "अहो, मी इथंच आहे. जा की."

पुन्हा बोट. मग बोट पाण्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

शिट्टी मिशीत हसला. "वहिनी, तुम्ही उतरल्याशिवाय मास्तर काही उतरत नाहीत."

भीती बसली असणार. एवढी वर्षं पाण्यात वावरलेला माणूस, आणि आजारानं काय करून टाकलं बघा.

१३ फेब्रुवारी

लेक म्हणते, "आई, बाबांच्या उपचारासाठी एवढं कर." उपचार म्हटल्यावर मला पुढे बोलता येत नाही.

पोहण्याचा वेष घेतला. गुडघ्याच्या खाली, कोपराच्या पुढे, तरी अंगाला असा चिकटतो की काय सांगू. किंमत वाचून झालेला माझा चेहरा पाहून दुकानदारच म्हणाला, "ताई, टिकेल दहा वर्षं." मी म्हटलं, मला एकच महिना हवाय, त्या भावात द्या. दिला नाही.

घरी खोली बंद करून घालून पाहिला. देवा, तू थोडे दिवस डोळे मिटून घे.

१८ फेब्रुवारी

उतरले.

पहिल्या पायरीवर पाणी घोट्याला लागलं तेव्हाच नामस्मरण सुरू केलं. कमरेपर्यंत आलं तेव्हा आपलं धड कुणीतरी हळूच उचलतंय असं वाटलं, आणि मी किंचाळले. शिट्टीनं सवयीनं शिट्टी फुंकली.

पण हे उतरले! मी उतरल्यावर लगेच, दांडीला धरून, एकेक पायरी. जमिनीवर ओढत नेतात तो पाय पाण्यात चक्क उचलला. सरांनी मला ह्यांच्या उजवीकडे, कमजोर बाजूला राहायला सांगितलं होतं. तर हे मला सारखे डावीकडे ओढून घेत. दोनदा उजवीकडे गेले, दोनदा ओढली. डावं-उजवंही विसरले की काय? माझं मनगट डाव्या हातानं इतकं घट्ट धरलं होतं की वळ उठले. आधार लागतो बिचाऱ्यांना. सरांनी आमच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "राहू दे काकू, काकांच्या मनाप्रमाणे चालू दे," आणि स्वतःच उजवीकडे येऊन उभे राहिले.

घरी येऊन दोघं जेवलो. झाकून ठेवण्याएवढं काही उरलं नाही.

३ मार्च

ह्यांनी एक नवा व्यायाम काढला आहे. सरांच्या कागदावर तो नाही. दांडीला पाठ टेकून उभे राहतात, डावा हात पाण्याखाली आडवा धरतात आणि मला त्यावर निजायची खूण करतात. हाताला वजन हवं असणार. दगड घेण्यापेक्षा मी बरी, असा हिशेब.

निजले. म्हणजे मान टेकली, पाय खालीच. कानात पाणी गेल्यावर सगळं जग लांब गेलं. छताचे दिवे वर हलताना दिसले. वाचाबाईंची ताकीद, पेला, सगळं विसरले. ओरडले, "अहो, आहात ना?"

"मी आहे ना."

इतक्या दिवसांनी. माझ्या पाठीला तो आवाज हातातून लागला.

"बरं," मी म्हटलं. आणि पाय वर आले. कसे आले ते विचारू नका.

४ मार्च

वाचाबाईंना सांगून टाकलं. "मी उत्तर दिलं हो. तुमचा नियम मोडला."

त्यांनी विचारलं, "तुम्ही काय विचारलं होतंत?"

"आहात ना, असं."

"आणि त्यावर ते 'मी आहे ना' म्हणाले?" त्या हसायलाच लागल्या. "काकू, योग्य प्रश्नाला योग्य उत्तर आलं की! त्याला अडकलेली सुई कशी म्हणू? माझा नियम थर्मासपुरता ठेवा. मला तलावावर यायला हवं."

रागावतील म्हणून मी खाऊ आणून ठेवला होता. तो मग आम्हीच खाल्ला.

१२ मार्च

आज मी ह्यांच्यावर चिडले. आजारी माणसावर चिडू नये, कळतं मला, पण चिडले.

हातावर निजले होते, छान चाललं होतं. मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते (तोंडानं घेतलं की पाणी आत जातं, आणि मनातलंही देवाला पोचतं). सवयीनं विचारलं, "आहात ना?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मान वळवून बघते तर ह्यांचा हात पाण्याबाहेर! मी कुणाच्याच हातावर नव्हते. ते कळलं मात्र, आणि बुडाले. नाकातोंडात पाणी. शिट्टीनं एका ढांगेत येऊन उभी केली.

मी म्हटलं, "थर्मासला म्हणता, पंख्याला म्हणता, आणि मी बुडतेय तेव्हा म्हणायला काय झालं? नुसतं मी आहे ना म्हटलं असतं तर तरंगत राहिले असते ना मी!"

ह्यांनी मान हलवली. नाही, नाही. ओठ हलवले, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, काही फुटेना. हात पाण्याखाली नेला आणि वर काढला. पुन्हा नेला, पुन्हा काढला. डोळ्यांत पाणी होतं, तलावाचं की दुसरं, कोण जाणे.

नेमक्या वेळेला शब्द अडला असणार. मीच फार बोलले.

शिट्टी म्हणतो, "वहिनी, हात काढल्यावर तुम्ही किती वेळ तरंगत होतात, ठाऊक आहे का?" मी म्हटलं, मला ऐकायचं नाही.

२५ मार्च

नवा शब्द! नवा शब्द! कोरा!

मी दांडी धरून पालथी पाय मारत होते. पाय माझे, पण ऐकत नाहीत, खाली जातात. आणि डोक्यावरून आवाज आला, "पाय!"

मी म्हटलं, "हो हो, मारते." मग लक्षात आलं. दांडी सोडून वळले, पाणी प्यायले, खोकले. "काय म्हणालात?"

"पाय!" चांगले रागावून.

इतके दिवस देवाला विनवलं, एखादा शब्द दे, माझं नाव दे, देवाचं नाव दे. त्यानं दिलं काय, तर माझ्या पायांवरचं ओरडणं. मी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून हसत होते आणि रडत होते. हे पुन्हा ओरडले, "पाय!" कारण मी थांबले होते ना.

घरी आल्यावर पेला पुढे केला. "पाय," म्हणाले. असो.

१६ एप्रिल

वाचाबाई म्हणतात, काका आता पेला-चहा-चमचा करायला तयारच नाहीत. गेले कितीतरी दिवस एकच खूण करून दाखवतात: हात आडवा धरायचा, मग बाजूला काढायचा. त्यांनी एकामागून एक शब्द सुचवून पाहिले. उचलतो? मान नाही. ठेवतो? नाही. देतो? नाही. शेवटी "सोडतो" म्हणताच ह्यांनी टेबलावर थाप मारली. मग रोज तेवढा एकच शब्द घोटताहेत. सो-ड-तो. घाम येईपर्यंत.

जगात एवढे शब्द, आणि ह्यांनी हाच का निवडावा? "चहा" आधी आला असता तर माझी केवढी सोय झाली असती.

२२ एप्रिल

आज पाण्यात हातावर होते. ह्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या वर, घामेजलेला. ओठ जुळवत होते. मग म्हणाले, "सोडतो."

आणि सोडलं.

मी बुडाले नाही. छताकडे बघत तशीच राहिले. सांगून सोडलं होतं ना, मग मीच मला धरलं. विचारलंसुद्धा नाही की आहात का. नव्हतेच, हे मला माहीतच होतं.

घरी येताना रिक्षात आठवत होते. पाण्यात मी जेव्हा जेव्हा "आहात ना" विचारलं आणि "मी आहे ना" आलं, तेव्हा तेव्हा पाठीखाली हात होता. हात नव्हता तेव्हा एकदाच विचारलं, आणि त्या वेळी हे गप्प राहिले. मी आपलं शब्द अडला म्हणून दामटलं. ह्यांना विचारलं, "अहो, त्या दिवशी मुद्दामच गप्प बसलात का?" तर रस्त्याकडे बघत राहिले. कान मात्र लाल झाले होते.

९ मे

हल्ली मंगळवारी आम्हीच वाचाबाईंच्या दवाखान्यात जातो; तिथं आज एक बाई होती. नवऱ्याला नुकताच झटका येऊन गेलेला, हातात अजून दवाखान्याची पिशवी. मला म्हणाली, "ताई, बरे होतील ना हो?"

"सगळं छान होईल" हे अगदी ओठांवर आलं. गिळलं. म्हटलं, "मला नाही माहीत. पण दर मंगळवारी मी इथंच असते, ह्याच बाकावर."

तिनं पिशवी खाली ठेवली आणि जरा सरकून माझ्याजवळ बसली.

१५ मे

मॅनेजरांनी ठरवलं आहे. महिनाअखेरीस ह्यांनी एका नवशिक्याला त्यांच्यासमोर तलावाच्या रुंदीएवढं पार करून न्यायचं. खोल बाजूला. ह्यांनी अलीकडच्या काठाच्या पायऱ्यांवर राहायचं, एकदा सोडलं की मदत फक्त आवाजाची. शिट्टी पाण्यात असेल, पण हात लावला की परीक्षा संपली.

"नवशिका कोण?" मी विचारलं.

मॅनेजर, शिट्टी, सर, वाचाबाई सगळे माझ्याकडेच बघायला लागले. आणि हे तर आधीपासूनच बघत होते.

मी म्हटलं, "अहो, मी फक्त ह्यांच्या उपचारासाठी उतरले होते!"

शिट्टीला इतकं हसू आलं की त्याला शिट्टी तोंडात धरून ते लपवावं लागलं. काय एवढं हसण्यासारखं होतं?

२९ मे

उद्या परीक्षा. माझ्यामुळे ह्यांची बॅच जाणार, हे मला लख्ख दिसतंय. खोल बाजूला पाय टेकत नाहीत. उथळ पाण्यात मी अलीकडून पलीकडे जाते, पण तिथं कधीही उभं राहता येईल हे मनात असतं. देवापुढे बराच वेळ बसले. काय मागावं तेच सुचेना. तरंगव म्हणावं, तर ते माझं काम. शेवटी नुसता नमस्कार केला.

ह्यांना म्हटलं, "मला जमेल असं तुम्हांला वाटतं?" ह्यांनी विचार केला आणि डावा हात हलवून दाखवला: पन्नास-पन्नास. दुसरं कुणी असतं तर "नक्की जमेल" म्हणालं असतं. मला बरं वाटलं. शंभर म्हणाले असते तर माझा विश्वास बसला नसता.

३० मे

पार केला! पार केला! पार केला!

आता क्रमानं लिहिते.

काठावर मॅनेजर हातात टाचणवही घेऊन उभे. लेक-जावई बाकांवर, वाचाबाई, सर, शेजारच्या बाई, नणंद आधीच रडायला तयार. हे पायऱ्यांवर, छातीएवढ्या पाण्यात, डावा हात माझ्या पोटाखाली. मी विचारलं, "आहात ना?"

"मी आहे ना."

मग एक मोठा श्वास आणि, "सोडतो."

गेले. हात पुढे, हात मागे. पहिला टप्पा कसा गेला कळलाच नाही. मग खाली बघितलं. बघू नको म्हणून सांगितलं होतं, तरी बघितलं. तळाच्या फरश्या कुठल्या कुठं खाली, निळ्या. हात थांबले. तोंडात पाणी. शिट्टी जवळ सरकला, त्याचा हात पुढे आला. त्यानं हात लावला असता तर सगळं संपलं असतं.

माझे कान त्याच एका वाक्याकडे लागले होते. ते आलं नाही. येणार नाही हे मला ठाऊक होतं, कारण हे लांब होते, मागे होते, आणि पाण्यात हे खोटं बोलत नाहीत.

त्याऐवजी सगळा तलाव दणाणला: "श्वास!"

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. वाचाबाईंनीही ऐकला नव्हता, नंतर त्या म्हणाल्या. मी तोंड वर करून श्वास घेतला.

"पाय!"

मारले.

"पाय! हात! लांब! लांब!"

एकेक शब्द दोरीसारखा मागून येत होता, आणि मी पुढे जात होते. मग बोटांना काहीतरी थंड लागलं. दांडी. पलीकडची दांडी.

शिट्टीनं शिट्टी फुंकली ती थांबेचना. नणंद खरोखरच रडली. शेजारच्या बाई ओरडल्या, "आमच्या मेहुण्यांना पण आणायला हवं होतं!" म्हणजे ते आहेत तर! मी दांडीला लोंबकळून सगळ्यांना हात केला, जशी काही मी रोजच असं करते. मॅनेजरांनी टाचणवही मिटून खिशात घातली आणि म्हणाले, "मास्तर, जूनच्या एक तारखेला सकाळी साडेसहा. उशीर चालणार नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्हीही या. मास्तरांच्या उजव्या हाताला कुणीतरी हवं."

पलीकडे हे पायऱ्यांवर उभे होते. डाव्या हातानं पाणी थापटत होते, फटाफट, लहान मुलासारखे.

१ जून

बॅच सुरू झाली. बहुतेक बायका, दोघे-तिघे पुरुष. टोप्या घातल्यावर सगळे सारखेच दिसतात. ह्यांच्या उजवीकडे मी, कोपऱ्यात शिट्टी.

त्यांत एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. चेहरा करडा, पण दांडी अशी धरलेली की बोटं पांढरी पडलेली. बाकी सगळे कमरेइतक्या पाण्यात आले, त्या पहिल्या पायरीवरच. पाण्यातली एक बाई म्हणाली, "अहो घाबरता कशाला, काही होत नाही." दुसरी म्हणाली, "मनातून भीती काढून टाका." मुख्याध्यापिका बाई आणखीच ताठ झाल्या.

"मला भीतीबिती वाटत नाही," त्या म्हणाल्या. दात वाजत होते.

हे पाण्यातून हळूहळू चालत त्यांच्यापाशी गेले. डावा हात पुढे केला. ओठ जुळवायला लागले. मला वाटलं, आता ते नेहमीचं वाक्य येणार. शब्द शोधायला वेळ लागला, पण कुणी घाई केली नाही.

"घाबरा," हे म्हणाले. मग आणखी एक शोधला. "खुशाल घाबरा."

मग मुख्याध्यापिका बाईंच्या तोंडून एक हुंदका आला, त्याचं मध्येच हसू झालं, आणि हसता हसता त्या म्हणाल्या, "फार भीती वाटते हो मास्तर. लहानपणापासून."

आणि त्यांनी दांडी सोडली.